पार्श्वभूमी : इंदूरचा उशिरा उठणारा रविवार

रविवारी अकराच्या सुमारास विजय नगर, पलासिया, साकेत या भागांतल्या कॅफेंत चौघांचं टेबल सहज मिळत नाही. तिथे बसलेल्यांत मराठी घरांतली मुलंमुली भरपूर असतात. आजोबा रामबागेत नाहीतर नारायण बागेत राहिलेले, आईवडील सुदामा नगर किंवा तिलक नगरला गेलेले आणि ही मुलं आता बायपासच्या बाजूच्या फ्लॅटात. घरातल्या वडीलधाऱ्यांचा त्यांच्या ब्रंचवर आक्षेप असतो तो पैशांचा. ‘पोहे खायला चारशे रुपये?’ वेळेबद्दल मात्र कोणी काही बोलत नाही. रविवारी उशिरा उठून अकरा वाजता बाहेर खाणं इंदुरात कधी वावगं ठरलेलं नाही, कारण शनिवारी रात्री घरातले सगळेच उशिरा झोपलेले असतात. त्यामुळे इथल्या ब्रंचची पार्श्वभूमी सकाळी शोधून सापडत नाही, ती रात्रीत आहे.

इंग्लंडमध्ये १८९५ साली एका साप्ताहिकात ब्रंचची शिफारस छापून आली, तिचा युक्तिवादही हाच होता. शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला रविवारी सकाळी लवकर उठवू नये आणि चर्चनंतरच्या जड जेवणाला त्याला बसवू नये. दोन्हींच्या मधलं काहीतरी हलकं, गप्पांसोबत, दुपारच्या आत द्यावं. इंदुरात ही सोय कुणी लेख लिहून सुचवली नाही, ती आपोआप झाली.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. दरबाराबरोबरची मराठी कुटुंबं राजवाड्याच्या आसपास वसली. अफू आणि कापसाच्या व्यापारामुळे मारवाडी, गुजराती, बोहरी पेढ्या आल्या, पुढे कापडगिरण्या निघाल्या. मराठी घरांत सोवळ्याओवळ्याचा जाच होता तोवर बाहेर खाणं हा नाइलाज असे. शिकायला आलेला मुलगा खाणावळीत जेवायचा, बायको माहेरी गेली की कारकूनही. १९३४ साली होळकरांच्या आश्रयाने क्लब उभा राहिला, पण तिथल्या टेबलखुर्च्या सभासदांपुरत्या होत्या. पोहे घरोघरी होत. ते दुकानात कधी आले, याची एक कथा शहरात ठामपणे सांगितली जाते : कोकणातून आलेल्या एका गृहस्थाने स्वातंत्र्यानंतरच्या काळात आपल्या उपाहारगृहात ते विकायला ठेवले आणि बाकीच्यांनी ती कल्पना उचलली. मराठी मंडळी ही कथा जरा जास्तच उत्साहाने सांगतात. पण वर शेव, जिरावण मसाला, बाजूला जलेबी आणि गरम पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेली परात हे सगळं माळव्याचं. आजच्या प्लेटीत मराठी वाटा फक्त पोह्यांचा.

मग सराफा. राजवाड्यामागच्या या गल्लीत दिवसा दागिन्यांचा व्यवहार चालतो. रात्री आठ-नऊनंतर पेढ्यांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. याचं कारण विचारलं तर एकच उत्तर मिळतं : रात्री वर्दळ राहिली की सोन्याला धोका कमी. ते खरं असो वा नसो, या व्यवस्थेने शहराला एक सवलत दिली. मध्यरात्री बायकामुलांसह बाहेर पडून भुट्ट्याचा कीस किंवा थंडीत गराडू (तळलेला कंद) खाणं हे इथे सभ्य मानलं गेलं. चतुर्थीचा उपास सोडलेल्या मराठी कुटुंबानेही रात्री अकराला साबुदाण्याची खिचडी खायला सराफ्यात यावं, इतकं सभ्य. (ती खिचडी घरच्यासारखी नसते. वाफवलेल्या साबुदाण्यावर मसाला, लिंबू आणि फराळी मिक्श्चर समोरच कालवून देतात, आणि उपासाच्या नियमांबद्दल तिथे कोणी वाद घालत नाही.)

सराफ्यात बसायला जागा नाही. हातात द्रोण घेऊन उभ्याने खायचं, गर्दीने ढकललं की पुढे सरकायचं. कुटुंबाला ते चालतं, कारण गप्पा घरी जाऊन मारता येतात. मित्रांची गोष्ट वेगळी. त्यांना खाण्यापेक्षा खाल्ल्यानंतरचा तास हवा असतो. ती सोय काही प्रमाणात नव्या पलासियातल्या छप्पन दुकानने केली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ओळीने उभ्या राहिलेल्या या दुकानांत तव्यावर तुपात भाजलेल्या पावात टिक्की घातलेला हॉट डॉग आला, अंड्याचा बेंजो (पावातलं आमलेट) आला. सोवळ्या घरातला मुलगा पहिलं अंडं इथेच खायचा, तेही स्कूटरच्या सीटवर बसून. खुर्ची नव्हती, पण स्कूटर होती. कॉलेजच्या पोरांची दोन पिढ्यांची बैठक त्या सीटवर भरली. ‘भिया, एक हॉट डॉग अजून’ ही इंदुरी मराठी तिथलीच.

छप्पनला २०१९ साली स्वच्छ स्ट्रीट फूड हबचा दर्जा मिळाला, अहमदाबादच्या कांकरियानंतर लगेच. २०२०च्या सुरुवातीला रस्त्याचा कायापालट झाला, आणि प्रचारात आवर्जून सांगितलं गेल्याप्रमाणे तो छप्पन्न दिवसांत झाला. वाहनं बाहेर गेली, बाकं आली, वर दिवे लागले. काही जुने लोक अजून गाडीत बसून खाण्याची आठवण काढून हळहळतात. मला त्या बदलाची बाजू घ्यावीशी वाटते, कारण मुलींच्या घोळक्याला अर्धा तास निवांत बसता येईल अशी फुकटातली जागा शहरात त्याआधी फार कमी होती. पुढच्या काही आठवड्यांतच टाळेबंदी आली हा योगायोग.

बसून खाण्याच्या इतिहासात एक दुवा नेहमी गाळला जातो, तो म्हणजे बायकांची भिशी. महिन्यातून एकदा, आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी बाराच्या सुमारास दहा-बारा जणी रेस्टॉरंटचं लांब टेबल अडवायच्या. आधी ही भिशी घरोघरी फिरायची. हॉटेलात गेली ती यजमानीणबाईंचा स्वयंपाक वाचावा म्हणून. घरातल्या कुणाचंही जेवण न करता, नवऱ्याशिवाय, मैत्रिणींबरोबर दोन तास बसून खाणं हे मराठी मध्यमवर्गात पहिल्यांदा रुजवलं ते या बायकांनी. आज ब्रंचला निघालेल्या मुलीला आई ‘कोणाकोणाबरोबर?’ एवढंच विचारते, कारण आई स्वतः भिशीला जात आली आहे.

नंतरचे बदल भराभर आले. आयआयएम १९९६ साली, आयआयटी २००९ साली. भंवरकुआँभोवती शिकवण्यांना आलेली हजारो मुलं, सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपन्या, एम. जी. रोडवर मॉल. घरापासून दूर राहणाऱ्या, स्वतःचा पगार असलेल्या या मुलांना रविवारी सकाळी पोहे आयते मिळणार नव्हते. २०१६नंतर यूपीआय आलं आणि बिलावरची जुनी ‘मी देतो, मी देतो’ ओढाताण संपली. एक जण भरतो, बाकीचे तिथल्या तिथे आपापला वाटा पाठवतात. मला वाटतं, मित्रांबरोबर वारंवार बाहेर खाणं परवडू लागलं यात पगारवाढीइतकाच या हिशेबाचा हात आहे. कुणाच्याच डोक्यावर उपकार राहत नाहीत.

आता ज्या निर्णयावर शहर अजून भांडतं त्याकडे. सप्टेंबर २०२२मध्ये बीआरटीएस म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेल्या मार्गालगतची दुकानं, उपाहारगृहं आणि कार्यालयं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. हा मार्ग निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत, साधारण साडेअकरा किलोमीटरचा. कारण दिलं गेलं ते रात्रपाळीच्या आयटी नोकऱ्यांचं आणि नव्या उद्योगांचं. दारू या परवानगीत नव्हती, बारना रात्रभराची मुभा मिळाली नाही. जानेवारी २०२३मध्ये प्रवासी भारतीय संमेलन आणि लगोलग गुंतवणूकदारांची परिषद इंदुरात भरली तेव्हा जागं इंदूर पाहुण्यांना कौतुकाने दाखवलं गेलं. जुलै २०२४मध्ये परवानगी मागे घेतली गेली. दोन वर्षंही पूर्ण झाली नाहीत.

मधल्या काळात काय घडलं यावर दोन बाजू आहेत. विरोध करणाऱ्यांनी नशेत रस्त्यावर धिंगाणा घालणाऱ्या तरुणांचे व्हिडिओ पुढे केले, शहराचे संस्कार बिघडताहेत असं म्हटलं. मार्गालगत राहणाऱ्यांची तक्रार साधी होती आणि ती खोटी म्हणता येत नाही : रात्री दोनला सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली. बाजूने बोलणाऱ्यांत छोटे कॅफेवाले, रात्री जेवण पोहोचवणारी मुलं आणि कॉल सेंटरवाले होते. त्यांचं म्हणणं असं की गुन्हा करणाऱ्याला पकडावं, चहा विकणाऱ्याचं शटर कशाला ओढता?

या वादात दोन गोष्टी फारशा कुणी मांडल्या नाहीत. पहिली, परवानगी धंद्याच्या प्रकारावर न देता रस्त्यावर दिली गेली. साकेतच्या आतल्या गल्लीतला कॅफे वेळेत बंद व्हायचा आणि मुख्य मार्गावरचा उघडा राहायचा. जागणाऱ्या शहराची सगळी गर्दी एकाच रस्त्यावर ओतली गेली आणि मग तिथे गर्दी होते अशी तक्रार झाली. दुसरी, १ एप्रिल २०२३पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना जोडलेले अहाते बंद झाले. बसून पिण्याची स्वस्त जागा गेल्यावर पिणारे गाडीत आणि रस्त्याकडेला जाणार हे उघड होतं. त्याच महिन्यांतल्या रस्त्यावरच्या दारूचं खापर मात्र रात्रभर मॅगी आणि कॉफी विकणाऱ्यांवर फुटलं.

सराफा या सगळ्यात अबाधित राहिला. रात्री एकला सराफ्यात जिलबी खाणारं कुटुंब ही शहराची शान, आणि रात्री एकला विजय नगरात कॉफी पिणारी चार मुलंमुली हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न. रात्र तीच होती, फरक कोण कोणाबरोबर बसलंय याचा होता. माझ्या मते आक्षेपाचं मूळ इथे होतं, आणि ते कोणत्याही आदेशात लिहिलेलं नाही. मराठी घरांतही हा भेद सरळ पाळला गेला. मावशीकाकांसह सराफ्यात मध्यरात्र चालते, पण ऑफिसातल्या मित्रांबरोबर अकरानंतर बाहेर राहिलं तर फोन येतो.

रात्र आखडल्यावर मित्रमंडळींची भेट सरकली ती रविवारच्या उजेडात. कॅफेवाल्यांनी ते लवकर ओळखलं. अंडी-टोस्ट-पॅनकेकच्या यादीत मिसळ आली, थालीपीठ दह्यासोबत आलं, आणि पोहे तर काचेच्या वाटीत डाळिंबाचे दाणे घालून. सकाळी दहा ते दुपारी दोनची खास यादी काही ठिकाणी छापली जाते. जेवणाचा डबा घेऊन पाताळपाणी, चोरलला जाणारी पावसाळी टोळकीही आता परतताना महूच्या रस्त्यावर कुठेतरी बसून खातात. दाल-बाफल्याच्या गोठी, म्हणजे सहलीतल्या पंगती, होतात, पण केटरर सांगून.

सराफ्यातली तडजोडही आता पूर्वीसारखी नाही. चायनीज, मोमोज, पिझ्झ्याच्या गाड्या वाढत गेल्या तसे सराफ व्यापारी उघडपणे नाराज झाले. अरुंद गल्लीत इतके गॅस सिलिंडर, आग लागली तर बंब शिरणार कुठून, हा त्यांचा प्रश्न. ज्या वर्दळीने सोनं राखलं असं सांगितलं जायचं, तीच आता धोका ठरली. फक्त जुन्या पारंपरिक पदार्थांची दुकानं ठेवावीत की सगळी चौपाटी दुसरीकडे हलवावी यावर बैठका झाल्या. पारंपरिक म्हणजे नेमकं काय हे ठरवताना मोमो हरले आणि खोबऱ्याचं पॅटिस जिंकलं, याला मराठी मतदारांचाही हातभार असावा.

बीआरटीएसचं म्हणाल तर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५मध्ये ती मार्गिका तोडायला सुरुवात झाली. रात्रीची परवानगी पुन्हा द्यायची ठरलीच, तर ती कुठून कुठपर्यंत हे आता नव्याने आखावं लागेल.