लंडनच्या कॉलेज-रेस्टॉरंटमध्ये जेवायचंय? आहाराचा फॉर्म आधी भरा

लंडनला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांना आम्ही एक दुपार आवर्जून सुचवतो: व्हिक्टोरिया स्टेशनपासून चालत जाता येईल अशा व्हिन्सेंट स्क्वेअरला, वेस्टमिन्स्टर किंग्सवे कॉलेजच्या (आता कॅपिटल सिटी कॉलेजचा भाग) ‘व्हिन्सेंट रूम्स’ या रेस्टॉरंटमध्ये जेवण. रांधतात विद्यार्थी, वाढतातही विद्यार्थी, आणि त्यांच्या पाठीशी शिकवणारे शेफ असतात. ‘म्हणजे कँटीनच ना?’ असं बरेच जण विचारतात. मुळीच नाही. इथे 1910 पासून पाककलेचं शिक्षण दिलं जातं. प्रसिद्ध ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर इथलाच विद्यार्थी. दोन दालनांपैकी ब्रासरी साधी, तर नामवंत फ्रेंच शेफ एस्कॉफिए यांच्या नावाची एस्कॉफिए रूम थाटाची.

आणि तरीही इथला दर लंडनच्या चांगल्या रेस्टॉरंटपेक्षा कमी असतो. तो कसा? लंडनच्या चांगल्या रेस्टॉरंटच्या बिलात 20 टक्के व्हॅट असतो, वर बहुतेक ठिकाणी 12.5 टक्के सेवाशुल्क, शिवाय जागेचं भाडं आणि पगार पदार्थाच्या किमतीत धरलेले. कॉलेजात स्वयंपाकघर हाच वर्ग असतो आणि नफा हा हेतू नसतो. हॅम्पशायरमधल्या ब्रॉकनहर्स्ट कॉलेजच्या अशाच रेस्टॉरंटचा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला होता. तिथे येणारे लोक जेवणाच्या खर्चाच्या साधारण 80 टक्केच पैसे देत होते. हे जेवण शिक्षणाशी जोडलेलं आहे, त्यामुळे त्यावर व्हॅट माफ होऊ शकतो, असा निकाल 2017 मध्ये लागला. तेव्हा दर कमी म्हणजे माल हलका, ही शंका मनातून काढून टाका.

आता ज्यासाठी हे पत्रक काढलं ते. टेबल बुक करताना ‘काही अ‍ॅलर्जी?’ असं विचारतात. आपली मंडळी ‘नाही’ लिहून मोकळी होतात, कारण शाकाहार म्हणजे काही अ‍ॅलर्जी नव्हे. मग टेबलावर बसल्यावर कळतं की आई अंडंही खात नाहीत आणि काकांचा आज गुरुवार आहे. तिथून आम्हाला फोन येतो. उन्हाळ्यात लंडनला दुपारचा एक वाजतो तेव्हा इथे साडेपाच झालेले असतात. आम्ही कॉलेजला फोन लावतो, पण तोवर फार काही करण्यासारखं उरलेलं नसतं.

याला कारण आहे. नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये अनुभवी शेफ आयत्या वेळी काहीतरी वेगळं करून देतो. इथे त्या दिवशीचा मेनू हाच त्या दिवशीचा धडा. सामान आधी मागवलेलं असतं, सकाळपासून सॉस कोण करणार, भाज्या कोण, गोड कोण, हे वाटून दिलेलं असतं. कामाची ही विभागणी एस्कॉफिए यांनीच रूढ केली. दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला ऐन सर्व्हिसमध्ये ‘बिनअंड्याचं काहीतरी कर’ म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे, आणि तुमच्या पुढ्यात शेवटी सॅलडच येतं.

शिवाय नुसतं ‘व्हेज’ कळवूनही भागत नाही. तिथल्या शाकाहारी ताटात अंडं सर्रास चालतं: ताज्या पास्त्यात, हॉलंडेज सॉसमध्ये, जवळपास प्रत्येक गोड पदार्थात. भाज्यांचं सूप दिसलं तरी ते चिकनच्या स्टॉकवर केलेलं असू शकतं. पन्ना कोटा या इटालियन गोड पदार्थात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असतं, वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे, आणि पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं. अंडं नको असेल तर आम्ही सरळ ‘व्हीगन’, म्हणजे दूधदुभत्यासकट कुठलाच प्राणिजन्य पदार्थ नको, असं कळवतो. तूप-लोणी जातं, पण घोळ राहत नाही. जैन ग्राहकांनी मात्र कांदा, लसूण, बटाटा, गाजर वेगळं लिहावं, कारण व्हीगन ताटात हे सगळं असतं. खरीच अ‍ॅलर्जी असेल तर शेंगदाणे, तीळ, मोहरी असं नाव घेऊन लिहा. ब्रिटनच्या कायद्यानुसार 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते आणि तिथली मंडळी हा नियम फार काटेकोरपणे पाळतात.

म्हणून आम्ही प्रत्येक माणसाचा वेगळा फॉर्म भरून घेतो, आणि तो आल्याशिवाय टेबल पक्कं करत नाही. ‘एवढी चौकशी कशाला?’ असं काहींना वाटतं. पण ज्यांनी फॉर्म नीट भरला, त्यांच्या घरच्या शाकाहारी मंडळींनाही सूप ते गोड असं पूर्ण जेवण मिळालं आहे. बदल असेल तर निदान चार दिवस आधी कळवा. या कामाचं आम्ही वेगळं शुल्क घेत नाही, ते सहलीच्या आखणीतच धरलेलं आहे.

विमानाचं तिकीट काढण्याआधी एकदा आम्हाला विचारा. रेस्टॉरंट कॉलेज चालू असतानाच उघडं असतं, शनिवार-रविवार धरू नका. जुलै-ऑगस्ट सुट्टी, मेअखेरीस एक आठवडा सुट्टी, आणि ऑक्टोबरअखेरची सुट्टी तर अनेकदा आपल्या दिवाळीलाच येते. जेवणाला दोन तास ठेवा. मुलं शिकत असतात, घाई केली की गडबडतात. सकाळी अकराला बकिंगहॅम पॅलेसचा पहारा बदलताना बघून निवांत चालत जेवायला जाणं, असा दिवस आम्ही बसवून देतो. पहारा बदलतो साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी, म्हणजे जेवणासाठी यातले पहिले तीनच वार उपयोगाचे.

पुढे पॅरिसला जाणार असाल तर तिथल्या 1920 साली सुरू झालेल्या फेरांदी पाककला विद्यालयातही विद्यार्थ्यांची रेस्टॉरंट आहेत. तिथल्या टेबलासाठीही हाच फॉर्म चालतो. दोन्हीकडे जेवायचं असेल तर तारखा एकदमच कळवा.