दमछाक थोडी की चाल लांब? शुगर आणि व्यायामाच्या वादामागचा इतिहास

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांतल्या अनेकांना डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं, "शुगर आहे, रोज चाला." पण लांब चालावं की थोडाच वेळ जोर लावून दमावं, हा वाद आहे. चालण्याच्या सल्ल्याची मुळं लंडनच्या दुमजली बसमध्ये आहेत. 1953 मध्ये ब्रिटनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी दाखवलं की दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. 2002 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला 150 मिनिटांची हालचाल, बेताचा आहार आणि थोडं घटवलेलं वजन यांमुळे मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं.

थोडा वेळ जोर, मग विश्रांती, पुन्हा जोर असा तुटक व्यायाम आला तो मात्र धावपटूंकडून. 1930 च्या दशकात जर्मनीत गेर्शलर हे प्रशिक्षक आणि राइंडेल हे डॉक्टर यांनी तो शास्त्रीय पायावर आणला. चेक धावपटू एमिल झाटोपेक 400 मीटरच्या फेऱ्यांमागून फेऱ्या मारत आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी तीन सुवर्णपदकं जिंकली. 1996 मध्ये जपानच्या इझुमी ताबाता यांनी 20 सेकंद जीव तोडून आणि 10 सेकंद विश्रांती ही पद्धत मोजूनमापून मांडली. आपल्या आखाड्यांना हे नवखं नाही. जोर-बैठकांचा सपाटा, दम खाणं, पुन्हा सपाटा, पहिलवानाची मेहनत अशीच चालते.

शुगरच्या दृष्टीने महत्त्वाचं काम कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात झालं. 2016 मधल्या तिथल्या अभ्यासात बैठं जीवन जगणाऱ्या पुरुषांचे दोन गट 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा सायकल मारत होते. एक गट जवळपास पाऊण तास मध्यम गतीने. दुसरा एकूण 10 मिनिटं, त्यातही जोर फक्त 20-20 सेकंदांच्या तीन झटक्यांत. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा गुण दोघांत सारखाच सुधारला. जोर लावला की स्नायूंतला साखरेचा साठा झपाट्याने संपतो आणि तो भरून काढायला स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

मला खान्देशासाठी सर्वांत मोलाची वाटते ती जपानच्या शिन्शू विद्यापीठातली, हिरोशी नोसे यांची चालण्याची रीत. तीन मिनिटं झपाझप, तीन मिनिटं सावकाश, अशा पाच फेऱ्या म्हणजे अर्धा तास. 2007 मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा प्रौढ आणि वयस्कर माणसांचा रक्तदाब उतरला होता, मांड्यांची ताकद वाढली होती. 2013 मध्ये डेन्मार्कमध्ये मधुमेह्यांवर अशाच आलटून-पालटून चालण्याचा प्रयोग झाला. तेवढाच वेळ एका गतीने चालणाऱ्यांपेक्षा त्यांची शुगर अधिक सुधारली.

मागच्या पिढीची निंदणी आणि कापूस वेचणी दिवसभर चालायची, वेगळ्या व्यायामाची गरजच नव्हती. आता शेतात ट्रॅक्टर आणि बांधापर्यंत मोटारसायकल आहे. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा तासभर फिरणं उन्हात सापडतं. अर्धा तास उजाडण्याआधी उरकतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर लावू नये. बाकीच्यांसाठी, सलग 10 मिनिटं झाली तरच हालचाल मोजायची ही अटही जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये काढून टाकली आहे.