ग्रास कटर, रीळ आणि खालची पट्टी: ढकलायच्या मशीनची पार्श्वभूमी

गोव्यात आज ‘ग्रास कटर’ म्हटलं की समोर येतो तो खांद्याला पट्ट्याने लटकवलेला पेट्रोलचा दांडा, टोकाला नायलॉनची दोरी नाहीतर पातं, आणि चवथीच्या आधी वाड्यावाड्यात त्याचाच घरघराट. पण माझा मामा फोंड्याला ‘आमचा ग्रास कटर’ म्हणायचा तेव्हा त्याला इंजिनच नव्हतं. दोन लोखंडी चाकं, मध्ये पिळदार पात्यांचा फिरणारा पिंजरा म्हणजे रीळ, मागे टेकायला हलका लाकडी रोळ आणि ढकलायला टी आकाराचा दांडा, संपलं. त्याच्याही आधी बेळगावसारख्या ब्रिटिश छावण्यांत ग्रास कटर हा चक्क माणूस असायचा, घोड्यामागे एक सईस आणि एक गवत कापून आणणारा. म्हणजे माणूस, ढकलगाडी आणि पेट्रोलचा दांडा असे तिघं एकाच नावाखाली येऊन गेले. इथे मधल्याबद्दल बोलायचंय. लॉन मोवर म्हणावं तर ते नाव आता इंजिनवाल्या पेटीला पण लागतं, म्हणून मी सरळ रीळ मशीन म्हणतो.

सुरुवात थोडक्यात. १८३० साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या स्ट्राउड भागात, म्हणजे लोकरी कापडाच्या गिरण्यांच्या पट्ट्यात, एका मेकॅनिकने पेटंट घेतलं. गिरणीत कापडावर वर आलेली लव छाटायला फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं, तीच युक्ती त्याने गवतावर नेली. मशीन १९ इंच रुंद, लोखंडी, मागचा रोळ जमिनीवर फिरला की गिअरमधून पाती फिरायची, आणि वजन एवढं की मागून एक ढकलणारा आणि जमल्यास पुढून एक ओढणारा. पेटंटमध्ये मात्र लिहिलंय की खेड्यातल्या सभ्य गृहस्थांना हे स्वतः चालवण्यात करमणूक होईल आणि तब्येतीलाही बरं. (लिहिणाऱ्याने स्वतः किती ढकललं देव जाणे.) त्याआधी लांब दांड्याच्या विळ्याने कापायचे, तो दवाने ओल्या गवतावर चांगला चालतो म्हणून माळी पहाटे उठायचे, या मशीनला उलट सुकं गवत लागतं, त्यामुळे कामाची वेळच बदलली. पुढे तट्टू जोडलेली मोठी मशीनं आली, लॉनवर खुरांचे ठसे नकोत म्हणून तट्टांना चामड्याचे बूट घालायचे, मग साखळीवाली आली, वाफेची आली. ते सगळं सोडून देतो, कारण मामाचं मशीन त्या घराण्यातलं नव्हतंच.

मामाचं मशीन बाजूच्या चाकांवर चालणारं, आणि ती जात वर आली १८६० च्या दशकाच्या शेवटी आणि १८७० च्या दशकात, मुख्यतः अमेरिकेत. मागचा जड रोळ काढला आणि त्याचं काम दोन बाजूंच्या चाकांना दिलं. चाकाच्या आतल्या कडेला दात, त्या दातांत एक छोटं गिअर बसतं, ते गिअर रिळाच्या शाफ्टवर. चाक एकदा फिरलं की रीळ पाच-सहा वेळा फिरतं. वजन एकदम उतरलं, एकटा माणूस, घरातलं मोठं पोर सुद्धा ढकलू शकेल इतकं. बदल्यात दोन गोष्टी गेल्या. एक, रोळाने येणारे ते गडद-फिके पट्टे, इंग्रज लोक त्या पट्ट्यांसाठी अजून रोळवालं मशीन सोडत नाहीत. दुसरं, चाक रिळाच्या बाहेर असल्याने भिंतीलगतची चार बोटं गवत तसंच राहतं आणि ते शेवटी विळ्यानेच काढावं लागतं.

या चाकांत एक भाग आहे जो मला सगळ्या मशीनमध्ये जास्त आवडतो. छोट्या गिअरच्या आत, शाफ्टच्या खाचेत, एक लोखंडाचा तुकडा सैल बसवलेला असतो. सायकलवाले ज्याला फ्रीव्हीलचे कुत्रे म्हणतात त्यातलाच प्रकार. पुढे ढकललं की कुत्रा दातात अडकतो आणि रीळ फिरतं, मागे ओढलं की घसरतो, कट् कट् आवाज येतो, रीळ थांबतं. वळताना तर आणखी मजा, बाहेरचं चाक जास्त पळतं म्हणून ते रीळ ओढतं आणि आतलं चाक नुसतं मागे पडून कटकटतं, म्हणजे गाडीत ज्याच्यासाठी अख्खा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) लागतो ते काम इथे दोन तुकड्यांनी फुकटात होतं. पण डाव्या आणि उजव्या बाजूचे कुत्रे एकमेकांच्या उलट बसतात. मामाचं मशीन एकदा एका गॅरेजमध्ये तेलपाणी करायला दिलं, तिथे ते दोन्ही आपापसांत बदलून बसवले, आणि घरी आणून ढकललं तर चाकं फिरतायत आणि रीळ ढिम्म. परत नेलं तर सांगितलं, ‘ब्लेड गेलां हें, नवें घाल.’ दोन महिने मशीन आंब्याखाली पडून होतं.

आता या ‘ब्लेड’ शब्दाचाच घोळ आहे. रीळ मशीनमध्ये दोन प्रकारची पाती असतात आणि दोन्हींना लोक ब्लेडच म्हणतात. फिरणारी पाच ते सात पिळदार पाती, आणि त्यांच्याखाली न हलणारी एक सरळ पट्टी. कापतं कोण? विचाराल त्यातले बरेच जण फिरणाऱ्याकडे बोट दाखवतील. पण घरातली विळी आठवा, तिथे पातं उभं असतं आणि आपण भाजी त्याच्याकडे नेतो. रिळाचं काम साधारण ती भाजी नेणाऱ्या हाताचं, फक्त या हाताला स्वतःचीही धार आहे. ते गवत पकडून, जरा वाकवून, खालच्या पट्टीपर्यंत आणतं आणि तिथे कात्रीसारखं कापलं जातं. कडबाकुट्टी बघितली असेल तर तिच्या तोंडाशी असतो तोच हिशोब. पात्यांना पीळ पण त्याच्याचसाठी, सरळ पातं असतं तर अख्ख्या रुंदीवर एकदम आपटलं असतं आणि प्रत्येक पात्याला दांड्याला झटका बसला असता. पीळ असल्याने एका वेळी एखाद्याच ठिकाणी कापलं जातं आणि तो बिंदू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो.

कात्रीच का पाहिजे हे आकड्यात बघितलं तर कळतं. धरा, चाक २५ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेरीला साधारण ७८ सेंटिमीटर पुढे. रीळ सहापट फिरतं, तर रिळाच्या एका फेरीला १३ सेंटिमीटर. पाती पाच, म्हणजे दर २.६ सेंटिमीटरला एक काप. चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला आणि रीळ १३ सेंटिमीटर व्यासाचं, तर पात्याची कड सेकंदाला तीनेक मीटर पळते. इंजिनवाल्या आडव्या पात्याच्या मशीनमध्ये टोकाच्या वेगाला अमेरिकेत सुरक्षेसाठी जी मर्यादा घातलीय ती सेकंदाला साधारण ९६ मीटर. त्या वेगात नुसत्या फटक्याने गवत तुटतं, खाली पट्टी लागतच नाही, धार बोथट असली तरी चालून जातं, फक्त टोकं फाटून पिवळी पडतात. तीन मीटरवाल्याकडे फटका नाहीच, त्याला जोडीदार पट्टी लागणारच. आणि तो २.६ चा आकडा पण लक्षात ठेवा, गवत अडीच सेंटिमीटरवर ठेवायचं असेल तर ठीक, एका सेंटिमीटरवर ठेवायला गेलात तर लॉनवर कौलांसारख्या लाटा दिसायला लागतात. म्हणून गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, जिथे गवत तीन-चार मिलिमीटरवर असतं, तिथे रिळाला अकरा वगैरे पाती असतात.

हे सगळं सगळ्यांना मान्य आहे. भांडण आहे ते एकाच गोष्टीवर, फिरतं पातं खालच्या पट्टीला टेकवायचं की नाही.

जुनी पद्धत टेकवायची. अगदी हलकं, रीळ हाताने फिरवलं की सपासप असा बारीक आवाज यावा इतकं. टेकवणाऱ्यांचं म्हणणं की पोलाद पोलादावर घासून धार आपोआप लागत राहते. न टेकवणारे म्हणतात की घासून धार लागत नाही, कड गोल होते आणि दांडा जड होतो, त्यापेक्षा एखाद-दोन हजारांश इंच, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर फट ठेवा, कागदाच्या जाडीपेक्षा कमी, गवत त्यातून निसटू शकत नाही. हा वाद नुसता कट्ट्यावरचा नाही, गोल्फची मशीनं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांतच एकीचं पुस्तक हलकं टेकवा सांगतं आणि दुसरीचं फट ठेवा सांगतं. त्याला जोडून दुसरा उपवाद, धार लावताना पात्याच्या मागची बाजू उतरती काढायची की सगळी रुंदी सपाट ठेवायची. उतरती काढली तर टेकणारी कड अरुंद राहते, घर्षण कमी, आणि टेकवलं तरी इतकं जड होत नाही. सपाट ठेवली तर काम पटकन होतं पण रुंद पातं पट्टीवर रुंद घासतं.

मी फटवाला आहे, लपवत नाही. आणि माझं कारण गोव्याचं आहे. इथे समुद्राची हवा आणि जून ते सप्टेंबर सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, एक आठवडा मशीन पडलं तर पात्यावर गंजाचा थर येतो. टेकवलेल्या मशीनमध्ये तो गंज आधी घासून निघतो आणि तेवढ्यात पट्टीवर ओरखडे पडून जातात. त्यात आपली जमीन जांभ्याची. आंगणाच्या कडेला चिऱ्याचा एखादा खडा आला की टेकलेल्या पात्याला जागाच नसते, सरळ खाच पडते. खाच पडली की तिथली गवताची काडी न कापता वाकते, मालकाला वाटतं सैल झालं, तो पाना घेऊन पट्टीचा स्क्रू आवळतो, दांडा जड होतो, तो आणखी आवळतो. माझ्या बघण्यातली चार मशीनं भंगारात गेली ती जुनी झाली म्हणून नाही, आवळून आवळून गेली. टेकवणारे यावर म्हणतील की हा दोष पद्धतीचा नाही, हाताचा आहे. असेल. पण पद्धत अशी पाहिजे की जिच्यात हात चुकायला जागा कमी.

अर्थात सगळा दोष स्क्रूवर टाकता येत नाही. रीळ मशीनची एक जन्मजात मर्यादा आहे. गवत रिळाच्या मधल्या दांड्यापेक्षा उंच झालं की पातं त्याला आत ओढायच्या ऐवजी पुढे ढकलतं आणि मशीन त्याच्यावरून चढून जातं. १३ सेंटिमीटरच्या रिळाला म्हणजे साधारण सहा-सात सेंटिमीटर. जुलैमध्ये दहा दिवस सलग पाऊस लागला, तुम्ही बाहेर पडला नाहीत, की ही हद्द कधीच ओलांडलेली असते, वर गवत ओलं. इंग्लंडमध्ये ज्या हिशोबाने मशीन काढलं तिथे दर आठवड्याला कापायची सवय होती. आपल्याकडे चवथीच्या तोंडावर एकदा सगळं साफ करायची सवय. त्या सवयीला खांद्यावरचा पेट्रोलचा दांडाच बरा पडतो, तो गवत, रान, लाजाळू काही बघत नाही.

इथे ‘रोटरी’ (म्हणजे आडव्या घुमणाऱ्या पात्याचं मशीन) या शब्दाचा पण एक गुंता सोडवून टाकतो. १८९९ साली अमेरिकेत एका कृष्णवर्णीय संशोधकाला मोवरचं पेटंट मिळालं आणि नेटवर ठिकठिकाणी लिहिलेलं असतं की रोटरी मोवर त्याने शोधला. त्या पेटंटमध्ये आडवं घुमणारं पातं नाही, ते रीळच आहे. त्याची खरी करामत अशी की गिअर पूर्ण झाकणात घातले म्हणजे गवत अडकून दात जाम होत नाहीत, आणि चाकांची जागा अशी बदलली की भिंतीच्या जवळून कापता येईल. म्हणजे वर मी जी चार बोटांची तक्रार केली तिच्यावरच त्याने काम केलेलं. चुकीचं श्रेय देऊन लोकांनी त्याचं खरं काम झाकून टाकलंय. आडव्या पात्याची स्वस्त इंजिनवाली मशीनं घराघरात गेली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, ऑस्ट्रेलियात १९५२ पासून तर धडाक्याने, आणि ढकलायचं रीळ मागे पडलं ते तेव्हापासून.

पण रीळ संपलं नाही. क्रिकेटची मैदानं, गोल्फ, जिथे हरळी अगदी बारीक ठेवायची तिथे आजही तेच. गंमत म्हणजे गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणून कौतुक करतात ती आपलीच हरळी, चवथीला गणपतीला एकवीसच्या जुडीने वाहतो ती दूर्वा. जमिनीलगत सरपटणारी, बारीक पानाची, रिळाला अगदी सोयीची. उलट गोव्यात सावलीच्या आंगणात लावतात ते रुंद पानाचं कार्पेट गवत रीळ मशीनला जडच जातं. आता ऑनलाइन मिळतात ती नवी ढकलायची मशीनं बघितली तर गिअर, कुत्रे, पीळ, सगळं १८७० च्या दशकातलं ओळखू येईल असं. चाकं प्लास्टिकची झालीत, वजन आणखी कमी झालंय, आणि चांगल्या मॉडेलवर ठळक लिहिलेलं असतं की पातं पट्टीला टेकत नाही.

मामाच्या मशीनचं राहिलंच. उलटे बसलेले कुत्रे कळले तेव्हा मी ते लगेच सरळ करणार होतो, मामानेच थांबवलं. कारण त्या अवस्थेत मशीन पुढे ढकललं तर रीळ फिरत नाही, पण मागे ओढलं तर उलटं फिरतं, आणि रीळ उलटं फिरवणं हीच धार लावायची जुनी रीत. गॅरेजमधून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली, पात्यांना फासली, पट्टी जेमतेम टेकेल इतकी वर घेतली आणि आंगणातून मशीन मागे मागे ओढत दहा-बारा फेऱ्या मारल्या. मग पेस्ट रॉकेलने धुतली, कुत्रे सरळ बसवले, पट्टी केसभर खाली सोडली आणि वर्तमानपत्राची पट्टी घालून रीळ हाताने फिरवलं. डावीकडे कापली, मध्ये कापली, उजव्या टोकाला दोन बोटं रुंदीत नुसती दुमडली. तिथे चिऱ्याच्या खड्याची खाच होती, ती अजून आहे.