आपली गरज आपणच सांगणं: स्वमग्न तरुण आणि संवादाचं शिक्षण

‘किती दुखतंय? एक ते दहामध्ये सांग बरं.’ दवाखान्यातला अगदी रोजचा प्रश्न. पण समोर बसलेल्या बावीस वर्षांच्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, तरुणापुढे तो कोडं होऊन उभा राहतो. वर ट्यूबलाइटचा बारीक आवाज चालू आहे, बाहेर नंबर पुकारले जाताहेत, आणि दुखण्याचा आकडा नेमका कशावरून ठरवायचा हेच त्याला उमगत नाहीये. तो मनात उत्तर जुळवत असतानाच शेजारून आई सांगून टाकते, ‘तसं फार नाही हो डॉक्टर, काल रात्रीपासून आहे.’ आई काळजीपोटीच बोलते. पण लहानपणापासून प्रत्येक वेळी असंच होत गेलं, तर आपल्या शरीराबद्दल आपणच बोलायचं असतं हे त्या मुलाला कळणार कधी?

त्याच्या अडखळण्यामागे कारणं आहेत. आपल्याला नेमकं काय वाटतंय हे ओळखणं आणि शब्दांत मांडणं जड जाण्याला मानसशास्त्रात ‘ॲलेक्सिथायमिया’ म्हणतात. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे निम्म्या जणांना ही अडचण असते. इतरांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. भूक, वेदना, लघवीची जाणीव असे शरीराच्या आतले संकेत काहींना उशिरा किंवा अस्पष्ट कळतात. त्यात प्रश्न ऐकून उत्तर तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून शिक्षणाची सुरुवात तोंडी सरावाच्याही आधी होते. आकड्याऐवजी ‘काल झोप लागली का? जिना चढता आला का? जेवण गेलं का?’ असे पक्के प्रश्न स्वतःलाच विचारायची सवय लावली, की सांगण्याजोगं काहीतरी हाती लागतं.

याच प्रश्नावर अमेरिकेतल्या ‘ॲस्पायर’ या गटाने केलेलं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. स्वतः स्वमग्न असलेल्या संशोधक डोरा रेमेकर आणि डॉक्टर क्रिस्टिना निकोलायडिस यांनी २००६ मध्ये तो सुरू केला. त्यांनी एक ऑनलाइन प्रश्नावली बनवली. उजेड सोसतो का, स्पर्श करण्याआधी सांगायला हवं का, फोनवर बोलणं जमतं का, सूचना लिहून हव्यात का, अशा प्रश्नांची उत्तरं घरी निवांत द्यायची. त्यातून त्या व्यक्तीच्या डॉक्टरांसाठी एक पत्र तयार होतं. म्हणजे ऐन गडबडीत शब्द सापडले नाहीत, तरी म्हणणं डॉक्टरांच्या टेबलावर पोचलेलं असतं. १७० स्वमग्न प्रौढांसोबत या साधनांची चाचणी झाली. महिन्याभरानंतर उपचार घेताना येणारे अडथळे कमी झाल्याचं आणि आत्मविश्वास वाढल्याचं त्यांनी सांगितलं. असं पत्र मराठीत एका कागदावर लिहायला कोणत्याही ॲपची गरज नाही.

संवादकौशल्यांचे रीतसर वर्गही आहेत. त्यातला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तयार झालेला ‘पीअर्स’ हा कार्यक्रम बराच गाजला. तरुणांसाठी तो सोळा आठवड्यांचा असतो आणि आईवडील किंवा दुसरं जवळचं माणूस सराव करून घेतं. चाललेल्या गप्पांत शिरायचं कसं, याच्या त्यात पायऱ्या पाडलेल्या आहेत: आधी ऐका, विषय ओळखा, थोडं जवळ जा, बोलणं क्षणभर थांबलं की त्याच विषयावरचं काही बोला. इतरांना कोणी न शिकवताच येत असलेलं हे ज्ञान इथं उघड करून सांगितलं जातं, आणि अनेकांना तेच हवं असतं. २०१२ मधल्या एका छोट्या चाचणीत सहभागी तरुणांचा एकाकीपणाही कमी झालेला दिसला.

मात्र अशा वर्गांचा भर ‘इतरांसारखं दिस’ यावर गेला, की माझी काळजी सुरू होते. बळेच डोळ्यांत बघणं, हातांच्या हालचाली दाबणं, आधीच पाठ केलेलं हसू चेहऱ्यावर ठेवणं, या लपवालपवीला ‘मास्किंग’ म्हणतात. ती दमवते, आणि चिंता, नैराश्य, एवढंच काय आत्महत्येच्या विचारांशीही तिचा संबंध संशोधनात आढळला आहे. शिवाय बिघाड एकाच बाजूला असतो हे गृहीतकही डळमळलं आहे. ब्रिटनमधले स्वमग्न समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्येच मांडलं, की न समजण्याची अडचण दोन्हीकडून असते. २०२० मध्ये एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेण्याच्या प्रयोगात निव्वळ स्वमग्न व्यक्तींची साखळी इतरांइतकीच चांगली ठरली. स्वमग्न आणि इतर अशा मिश्र साखळीत जास्त तपशील गळले. २०२५ मध्ये तीनशेहून अधिक जणांच्या प्रयोगात मिश्र साखळीही मागे पडली नाही. स्वमग्न माणसं माहिती पोचवण्यात कमी पडतात असं दोन्ही वेळा दिसलं नाही.

स्वमग्न मंडळींनी स्वतः भरवलेल्या अमेरिकेतल्या संमेलनांतून एक साधी युक्ती पुढे आली. गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात तीन रंगांची कार्डं. हिरवं समोर असेल तर ‘माझ्याशी बोला, सुरुवात मला जमत नाही’, पिवळं म्हणजे ‘फक्त ओळखीच्यांनी’, लाल म्हणजे ‘आत्ता नको’. दिवसातून कितीही वेळा कार्ड बदला. एक अक्षर न बोलता माणूस आपली सीमा आखतो.

‘नको’ सांगता येणं हा तर गाभाच आहे. मोठ्यांचं ऐकलं की शाबासकी, अशा शिस्तीत वाढलेली मुलं कोणालाही होकार देतात, आणि मग फसवणूक किंवा लैंगिक छळ झाला तरी तो थांबवणं त्यांना अवघड जातं. न बोलणाऱ्यांनाही हे शिकवता येतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप मराठीतही आहे आणि त्यात होकाराइतकाच नकारही हाताशी असतो.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. पालकत्वाबद्दल त्यातलं कलम १४ मर्यादित पालकत्व म्हणजे परस्पर विश्वासावर, कायदेशीर पालक आणि ती व्यक्ती या दोघांनी मिळून घेतलेले निर्णय, असं सांगतं. त्यासाठी त्या तरुणाला स्वतःचं मत मांडायचा सराव अठराव्या वर्षाच्या बराच आधी हवा: कपडे कोणते, कोणत्या नातेवाइकाकडे थांबायचं, केस कधी कापायचे. आणि शिकवणाऱ्यानेही एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. विद्यार्थ्याने ‘आज मला हा सराव नको’ म्हटलं, तर सराव त्याच मिनिटाला थांबवायचा, आणि त्याबद्दल रागवायचं नाही.