नवापूरचे तीन किलोमीटर: खानदेशातील कोंबडीपालन आणि विकत घेणाऱ्याचा प्रश्न

पार्श्वभूमी

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर देशभर माहीत झाले. तिथल्या पोल्ट्रींमध्ये आठवड्यांपासून कोंबड्या मरत होत्या. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले आणि एच५एन१ विषाणू सापडल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. भारतातला बर्ड फ्लूचा हा पहिला उद्रेक. त्यानंतर खानदेशात घरोघरी एकच विचारणा होती, कोंबडी खावी की नाही? सगळ्यांना त्यातून विचारायचे असे ते एवढेच की, आपल्याला काही होईल का. ७० अंशांच्या वर नीट शिजवले की विषाणू मरतो, हे उत्तर मिळाले. पुढाऱ्यांनी चारचौघांत चिकन खाऊन दाखवले, भाव सावरले आणि विचारणा थांबली. ती कोंबडी कशी जगली आणि कशी मारली गेली, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पिंजऱ्यातली अंडी, गावरान अंडी, जिवंत पक्ष्यांची वाहतूक यांवर आज जे बोलले जाते त्याची मुळे त्याच काळात आहेत, म्हणून या टिपणाचा भर तिथे आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. सातपुड्याच्या पाड्यांवर कोंबडी ही बाईच्या हातातली पुंजी होती आणि आजही आहे. डालग्याखाली झाकलेली पिल्ले, दिवसभर उकिरड्यावर चरणाऱ्या तलंगा, रात्री झाडावर बसणारे कोंबडे. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारात एक कोंबडी विकून तेल-मीठ घरी येते. पाहुणा आला किंवा देवाला मान द्यायचा असला तर तीच कापली जाते. अशी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते आणि त्यातली बरीच खुडूक कोंबडीखाली रवणीला, म्हणजे उबवायला, जातात.

नवापूरच्या पोल्ट्री मात्र वेगळ्या मुशीतल्या. सुरत-धुळे महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग गावातून जातात, गुजरातची हद्द इतकी जवळ की रेल्वे स्थानकाचा काही भाग त्या राज्यात मोडतो. सुरतची बाजारपेठ हाताशी आणि खाद्याचा मका धुळे-जळगावकडे पिकणारा. त्यामुळे एकेका मालकाकडे हजारो, लाखो लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्या पिंजऱ्यांच्या रांगांत उभ्या राहिल्या. ही कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. अठराव्या-विसाव्या आठवड्यापासून बहात्तर-ऐंशी आठवड्यांपर्यंत तिचा उपयोग असतो आणि त्या सगळ्या काळात तिला पंख पूर्ण उघडता येत नाहीत.

२००६ चा पहिला वाद रोगाच्या नावाचा होता. मालक म्हणत होते, ही राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. हा दावा अगदीच पोकळ नव्हता. राणीखेतमध्येही कोंबड्या झपाट्याने मरतात आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्ही रोग वेगळे ओळखणे अवघड असते. पण मानमोडीवर लस आहे आणि तिच्यासाठी सरकार सगळा कळप मारत नाही. निदान एका नावाचे झाले तर धंदा चालू राहणार, दुसऱ्या नावाचे झाले तर शेड रिकामे होणार, अशी ती अवस्था होती. त्यामुळे आधीच्या आठवड्यांतली मरतूक वेळेवर का कळवली गेली नाही, याचे उत्तर फक्त मालकांच्या वृत्तीत शोधणे अपुरे आहे. नुकसानभरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, या नियमाचाही त्यात वाटा मानावा लागतो. जो लवकर कळवतो त्याचा सगळा कळप जातो. जो उशिरा कळवतो त्याचाही जातो, पण दरम्यान त्याने काही माल विकलेला असतो.

दुसरा वाद अधिक खोल आहे. उद्रेकाच्या ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या परिघातला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, असे ठरले. वर्तमानपत्रांतून या कामाला ‘कलिंग’ हा शब्द आला आणि नवापूरच्या लोकांच्या तोंडी बसला. तीन किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे अठ्ठावीस चौरस किलोमीटर होते. त्यात मोठ्या पोल्ट्री होत्या तसे भिल, गावित, मावची, कोकणी या आदिवासी कुटुंबांचे पाडेही होते, आणि त्यांच्या पाच-सात कोंबड्यांना तोच नियम लागू झाला.

निर्णय घेणाऱ्यांची बाजू अशी होती की देशात हा विषाणू पहिल्यांदाच आला आहे, माणसात तो पसरला तर काय होईल सांगता येत नाही आणि आशियातल्या इतर देशांमध्ये माणसे दगावली आहेत. अशा वेळी अर्धे काम करून चालत नाही. हे म्हणणे वजनदार होते आणि आजही आहे. नवापूरमधल्या कोणा माणसाला लागण झाल्याचे पुढे सिद्ध झाले नाही. ऑगस्ट २००६ मध्ये देश रोगमुक्त असल्याचे जाहीर झाले.

विरोधातली बाजू तेव्हा फारशी ऐकली गेली नाही, म्हणून ती इथे थोडी सविस्तर मांडतो. मोठ्या पोल्ट्रीवाल्याच्या कोंबड्यांना नोंद होती, बँकेचे कर्ज होते आणि बाजू मांडायला संघटना होती. पाड्यावरच्या बाईच्या कोंबड्यांची नोंद कुठेच नव्हती. तिला पक्ष्यामागे ठरलेली रक्कम मिळाली तरी त्या पैशात तसा पक्षी परत येत नव्हता, कारण आसपास जिवंत गावठी कोंबडी उरलीच नव्हती आणि नवे पक्षी आणायला बंदी होती. पिढ्यान्‌पिढ्या त्या हवेत टिकलेला वाण गेला तो भरपाईच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात धरायचा? काही पाड्यांवर कोंबड्या लपवल्याच्या बातम्या आल्या. त्यांना अडाणीपणा ठरवणे सोपे होते. माझ्या मते तो आपल्या वस्तूची किंमत जाणणाऱ्या माणसाचा व्यवहार होता.

मारण्याची पद्धत हा या वादाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. रोगनियंत्रणासाठी प्राणी मारताना त्यांना कमीत कमी यातना व्हाव्यात, याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००५ मध्येच मान्य झाली होती. नवापूरला प्रत्यक्षात बहुतेक काम हातांनी झाले, मान पिरगाळून. जेसीबीने खोदलेले खड्डे, चुन्याचे थर, पांढऱ्या पोशाखातले कर्मचारी. दिवसाला हजारो पक्षी हातांनी मारायचे म्हटल्यावर प्रत्येक वेळी मान नीट मोडली जाईल, असे कोणी गृहीत धरू शकत नाही. त्या कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एका शेडमध्ये हजारो पक्षी कोंबलेले असले की त्यांना दयेने मारण्याची सोयही आधीपासून असावी लागते, आणि ती परवाना देताना कोणी विचारली नव्हती. साथ आल्यावर घाईत जे क्रौर्य घडते त्याची तयारी शेड बांधताना झालेली असते, असे मला वाटते.

मार्च २००६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांमध्ये हाच विषाणू आढळला, शेजारच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या इच्छापूरलाही. म्हणजे रोग फक्त मोठ्या पोल्ट्रीचा, असे म्हणता येत नाही, आणि गावठी पक्षी नेहमीच सुरक्षित हेही खरे नाही. मात्र पसरण्याचा वेग आणि एका ठिकाणी मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या यांत दोन्हींची तुलना होत नाही.

यानंतर धोरण बदलले. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठी केंद्रीय कायदा २००९ मध्ये झाला. पुढच्या कृती आराखड्यांमध्ये मारण्याचा परीघ तीन किलोमीटरवरून एकवर आला, म्हणजे क्षेत्र जवळपास एक नवमांश झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला तेव्हा हाच एक किलोमीटर लागू होता. तरीही मारलेल्या पक्ष्यांची संख्या लाखांत गेली. पंधरा वर्षांत परीघ आक्रसला होता, पण त्या परिघात मावणारे पक्षी वाढले होते. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने ब्रॉयलरचे, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचे, भाव मातीमोल झाले आणि राज्यात अनेकांनी पक्षी फुकट वाटले. तेव्हाही ग्राहकाची भीती स्वतःपुरतीच होती.

पिंजऱ्यांचा कायदेशीर प्रश्न याच काळात वर आला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. ज्या पिंजऱ्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही त्यात त्याला ठेवणे हे कलम ११ नुसार क्रौर्य ठरते. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. २०१२ मध्ये एका केंद्रीय मंडळाने राज्यांना कळवले की लेअरचे बॅटरी पिंजरे, म्हणजे रांगांत मांडलेले अरुंद तारेचे पिंजरे, या कलमात बसतात आणि २०१७ पर्यंत ते बंद व्हावेत. ते झाले नाही. जुलै २०१७ मध्ये कायद्याच्या सुधारणा सुचवणाऱ्या आयोगाने अंड्याच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवर स्वतंत्र अहवाल दिला. २०१९ च्या मसुद्यात एका पक्ष्यासाठी ५५० चौरस सेंटीमीटर जागा सुचवली गेली. झेरॉक्सचा ए-४ कागद सुमारे ६२४ चौरस सेंटीमीटर असतो. युरोपीय संघात साधे बॅटरी पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद आहेत आणि तिथे अंड्यावर छापलेल्या अंकावरून कोंबडी कशी ठेवली होती ते कळते: शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे बाहेर मोकळी, दोन म्हणजे शेडमध्ये मोकळी, तीन म्हणजे पिंजऱ्यात.

आपल्या किराणा दुकानातल्या तीसच्या ट्रेवर असे काही नसते. गिऱ्हाईक रंग पाहते. तपकिरी अंडे म्हणजे गावरान, असा समज जळगाव-धुळ्यात पक्का आहे आणि त्याला दरही जास्त मिळतो. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो. तपकिरी अंडी घालणाऱ्या लेअरही पिंजऱ्यातच असू शकतात. जास्त पैसे मोजून आपण कोंबडीला मोकळीक देतो आहोत असे ज्याला वाटते, त्याची ही उघड फसवणूक आहे, आणि ती थांबवणे पिंजरे बंद करण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

ब्रॉयलरची गोष्ट निराळी. तो पिंजऱ्यात नसतो. शेडमध्ये तुसाच्या थरावर असतो, साधारण एका पक्ष्यामागे एक चौरस फूट. पस्तीस-चाळीस दिवसांत त्याचे वजन दोन किलोच्या आसपास नेले जाते आणि पाय त्या वजनाला पुरत नाहीत. खानदेशात यावर उन्हाची भर पडते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते, आणि नेमकी विक्रीला तयार झालेली जड कोंबडी आधी मरते. करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला पिल्ले, खाद्य, औषध कंपनीकडून मिळते. शेड, वीज, पाणी आणि राबणे त्याचे. मरतूक वाढली की किलोमागे मिळणारी मजुरी घटते. फॉगर (पाण्याचा बारीक फवारा मारणारी यंत्रे), ओली पोती, जास्त पंखे हा खर्च त्याच्या माथी असतो, म्हणून पक्ष्यांच्या सुखाचा हिशेब मागताना त्याच्याकडे एकट्याकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे. लेअरच्या बाबतीत अजून एक गोष्ट ग्राहकाला सहसा कळत नाही: अंड्याच्या जातीतली नर पिल्ले हॅचरीत पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली.

यावर ‘मग खाऊच नका’ हे उत्तर शहरात बसून देता येते. नंदुरबारमध्ये ते देताना जीभ अडखळावी. कुपोषणासाठी राज्यात सतत नाव घेतला जाणारा हा जिल्हा आहे. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडे देण्याची योजना २०१६ मध्ये आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवला गेला. अंड्याला झालेला विरोध कोंबडीच्या कणवेतून नव्हता, तो शाकाहाराच्या आग्रहातून होता. या दोन भूमिका एकत्र मिसळल्या तर कोंबडीचेही भले होत नाही आणि मुलांचेही.

अंगणवाडीचे अंडे पाड्यावरच्याच कोंबडीचे असावे, ही सूचना म्हणून पुन्हा पुन्हा पुढे येते. चार दिवस म्हणजे एका मुलामागे वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी, म्हणजे तीन गावठी कोंबड्या. वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती मोकळ्या सोडल्या तर त्याहून कमी पक्ष्यांत भागते. अडचण कोंबड्यांच्या संख्येची नाही, मानमोडीची आहे. परसातले कळपच्या कळप या एका रोगाने जातात. लस स्वस्त आहे, पण कुपी शेकडो मात्रांची येते, थंड ठेवावी लागते आणि उघडली की तासाभरात संपवावी लागते. तीस कोंबड्यांच्या पाड्यासाठी ती कोणी फोडत नाही. चार पाड्यांचा लसीकरणाचा एक दिवस ठरवणे आणि गावातल्याच एका बाईला लस टोचायला शिकवणे, एवढ्यावर हे काम अडले आहे.