दंड बाहेर वळेनासा होतो तेव्हा

दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून उभे राहा. कोपरात काटकोन करा, पंजे समोर येऊ द्या. आता कोपरं जागची न हलवता दोन्ही पंजे दाराच्या झडपांसारखे बाहेरच्या बाजूला उघडा. किती अंश उघडले याला फार महत्त्व नाही, प्रत्येकाचं माप वेगळं असतं. दोन्ही बाजू सारख्या उघडतात का, ते पाहा. एक झडप अर्ध्यातच अडली आणि दुसऱ्या कुणी हलकेच ढकलूनही सरकली नाही, तर अडथळा बहुधा खांद्याच्या सांध्यात किंवा त्याच्या वेष्टनात असतो. हात स्वतःहून वळत नाही पण दुसऱ्यानं वळवला की वळतो, असं असेल तर संशय स्नायूंवर जातो.

खांद्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस, बऱ्याचदा पहिला घाला घालते तो याच हालचालीवर. हात वर तर जातोय ना, म्हणून माणूस गाफील राहतो. शर्टाच्या बाहीत हात सरकवताना किंवा केस विंचरताना खांदा कुरकुरतो, त्या कुशीवर झोपलं की रात्री जाग येते, आणि ‘झोपेत अवघडला असेल’ म्हणत महिने निघून जातात.

गुडघा झिजतो हे सगळ्यांना पटतं. खांद्यावर मात्र वजन पडतंच कुठे, असा प्रश्न येतो. पडतं, आणि भरपूर पडतं. रिकामा हात बाजूला जमिनीशी समांतर उचलून धरला तरी खांद्याच्या सांध्यात जवळजवळ आपल्या शरीराच्या वजनाइतका दाब तयार होतो. हात लांब, त्याचा भार टोकाकडे, आणि तो तोलणाऱ्या स्नायूंची पकड मात्र सांध्याच्या अगदी जवळ. तराजूची एक दांडी आखूड असली की त्या बाजूला किती जोर लावावा लागतो, तसंच हे.

त्यात सांध्याची रचना नाजूक. दंडाच्या हाडाचं गोल टोक फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडावरच्या उथळ खोबणीला टेकलेलं असतं, आणि कोणत्याही क्षणी त्या गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा खोबणीत असतो. खुब्यात चेंडू वाटीत बसतो. इथे तो बशीला टेकलाय म्हणा. म्हणूनच शरीरात सर्वांत जास्त दिशांना फिरणारा सांधा हाच, आणि निखळायला सर्वांत सोपाही हाच. चेंडू बशीवरून घसरू नये म्हणून चार लहान स्नायू त्याला पुढून, वरून आणि मागून घट्ट धरून ठेवतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हे चौघे लक्षात ठेवा, शस्त्रक्रियेच्या वेळी निकाल तेच देतात.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तो नीट भरून येत नाही. मज्जातंतूही नाहीत, म्हणून झिजताना दुखत नाही. वेदना सुरू होते ती खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर तक्रार करू लागल्यावर, म्हणजे बरंच उशिरा. एक्स-रे आणि त्रास यांचं गणितही यामुळे जुळत नाही. सांध्यातली फट जवळजवळ मिटलेली, हाडाला कंगोरे फुटलेले, तरी माणूस मजेत असू शकतो.

झीज बहुतेकदा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर त्रास देते. पूर्वी खांदा निखळला असेल, हाड मोडलं असेल, सांधे सुजवणारा संधिवात असेल किंवा दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर तरुणपणीही. तिची सर्वांत मोठी गफलत होते फ्रोझन शोल्डरशी, म्हणजे सांध्याचं वेष्टन आवळून खांदा आखडण्याशी. बाहेर वळणं दोन्हींत अडतं. पण फ्रोझन शोल्डर साधारण चाळिशी ते साठीत, मधुमेहींमध्ये अधिक, आणि त्यात एक्स-रे जवळपास स्वच्छ असतो. तो बहुतेकदा एक-तीन वर्षांत बराच सैल होतो. झिजलेला सांधा तसा मोकळा होत नाही. न तपासता ‘फ्रोझन आहे, ताण देत राहा’ असं सांगून झिजलेली हाडं एकमेकांवर जोरानं घासायला लावणं, हा प्रकार मला सर्वांत जास्त खटकतो. दोन दिशांनी काढलेला साधा एक्स-रे हा घोळ सहसा मिटवतो.

दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर मान तपासायला हवी. आणि चालताना, जिना चढताना डावा खांदा भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर खांद्याचा विचार बाजूला ठेवून तातडीनं हृदयाची तपासणी करावी.

गेलेली कूर्चा परत आणणारं औषध आज नाही. वेदना कमी करणं आणि उरलेली हालचाल टिकवणं, एवढंच हातात असतं, आणि पुष्कळांना ते पुरतं. फिजिओथेरपीत वेदनेच्या अलीकडे थांबणारे हलके व्यायाम, फऱ्याच्या स्नायूंना बळ, शेक, कामाची पद्धत बदलणं. वेदनाशामक गोळ्या पोट, मूत्रपिंडं आणि रक्तदाब पाहून. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे, फार तर काही महिने आराम देतं. मात्र ते घेतल्यावर सुमारे ३ महिने सांधेबदल टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ‘वंगणाच्या’ म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या इंजेक्शनांचा बोलबाला मोठा, पण अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खांद्याच्या झिजेत त्यांचा फायदा नाही, असं ठामपणे म्हटलं आहे. पैसे मोजण्याआधी हे माहीत असावं.

एवढं करूनही रात्रीची झोप मिळत नसेल तर सांधेबदल. ही कल्पना वाटते त्याहून जुनी आहे. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये ज्यूल्स-एमिल पेआँ यांनी क्षयानं पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम आणि कडक केलेल्या रबराचा सांधा बसवला होता. दोनेक वर्षांनी जंतुसंसर्गामुळे तो काढावा लागला. आजच्या पद्धतीचा पाया चार्ल्स नीअर यांनी घातला. झिजलेल्या खांद्यांच्या सांधेबदलाचे त्यांचे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून आलेला सांधा असा: दंडाच्या टोकाला धातूचा गोळा, खोबणीत प्लॅस्टिकचं अस्तर. चारही स्नायू शाबूत असतील तर हा सांधा उत्तम चालतो. पुढेमागे सैल झालीच तर बहुधा ती प्लॅस्टिकची बशी होते.

पण कफ फाटलेला असेल तर? मग गोळ्याला जागेवर धरणारं कुणी उरत नाही. हात उचलू गेलं की खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू गोळ्याला नुसता वर ओढतो, हात उठतच नाही. अशा खांद्यात नीअरचा सांधाही डगमगतो. फ्रान्समधल्या दिजाँचे पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये यावर उलटा तोडगा काढला. त्यांनी गोळा बसवला खोबणीच्या जागी आणि वाटी दंडावर. फिरण्याचा मध्यबिंदू त्यामुळे आत आणि खाली सरकला, डेल्टॉइडची तरफ लांबली आणि एकटा तोच हात वर नेऊ लागला. एका अदलाबदलीनं चार स्नायूंची उणीव भरून काढणारं हे डोकं मला अजूनही थक्क करतं.

या शस्त्रक्रियेत एक जंतू विशेष सतावतो, मुरुमांशी नाव जोडलेला क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. तो त्वचेच्या खोल छिद्रांत राहतो, वरून जंतुनाशक चोळून पूर्ण जात नाही, आणि इतका सावकाश वाढतो की प्रयोगशाळेत नमुने दोन-दोन आठवडे ठेवावे लागतात. ताप-लाली काही न दिसता महिनोन्‌महिने नुसता दुखणारा नवा सांधा म्हणूनच पुन्हा तपासतात.

शस्त्रक्रियेनंतर साधारण ४ ते ६ आठवडे हात झोळीत असतो. खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठण्याची सवय असलेल्यांना तेवढा काळ ती मोडावी लागते. साध्या सांधेबदलात कफचा पुढचा स्नायू कापून परत शिवलेला असतो, तो तुटू शकतो. वेदना बहुतेकांची लवकर ओसरते, ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागतं. उलट्या सांध्यात हात डोक्यापर्यंत पुन्हा जातो, पण कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेर उघडणं मात्र मागचे उरलेसुरले स्नायू किती शाबूत आहेत यावर ठरतं. शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना हे विचारून ठेवावं.