वरणाचं पाणी आणि घोटलेलं वरण

मानखुर्दच्या वस्तीत आयांच्या बैठकी घेताना मी एक प्रश्न हमखास विचारते : उष्टावण झाल्यावर बाळाला काय देता? उत्तर येतं, "वरणाचं पाणी." पूर्वी मी ते वहीत लिहून घ्यायचे. आता पुढचाच प्रश्न टाकते, "पळी वर फिरवता की तळाला?"

कुकर उघडून डाळ न ढवळता जरा वेळ ठेवली, की गर खाली बसतो आणि वर पिवळसर निवळ येते. हळदीचा रंग, हिंगाचा वास, सगळं वरणाचंच. म्हणून आई ती वाटीत घेते आणि बाळाला वरण भरवल्याचं समाधान मानते. वर सासूबाईंची साक्ष असतेच : "डाळीचा सगळा कस पाण्यात उतरतो." सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत. काही क्षार, काही ब जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात. पण प्रथिनं आणि पिष्ट बहुतेक त्या खालच्या गरातच राहतात. 30 ग्रॅम तूरडाळीत साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ती जातात मोठ्यांच्या ताटात, आणि बाळाच्या वाट्याला निवळ.

मोठ्या माणसाचं यात फारसं बिघडत नाही, तो वर दोन चपात्या खातो. बाळाचं पोट एवढंसं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम 200 मिली मावतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात. आईच्या 100 मिली दुधात 65 ते 70 कॅलरी असतात. निवळीत त्याहून कितीतरी कमी. म्हणजे निवळीनं पोट भरलं, की बाळ तिच्याहून कसदार दूधच कमी पितं. शांत झोपतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. अंगी मात्र काही लागत नाही.

घोटलेलं वरण म्हणजे तोच गर, रवीनं किंवा पळीच्या पाठीनं एकजीव केलेला. त्यात दोन चमचे गुरगुट्या भात कुस्करायचा आणि अर्धा चमचा तेल किंवा तूप घालायचं. घट्ट किती, तर चमचा तिरका केला की ओघळून जाऊ नये, हळूच घसरावं. निवळ धार लावून पडते. हा चमच्याचा खेळ बैठकीत करून दाखवला, की तक्त्यांची गरज पडत नाही. (तक्ते मलाही कंटाळवाणे वाटतात.)

"घशात अडकलं तर?" ही भीती खरी आहे, आणि पातळ देण्यामागे बहुधा तीच असते. पण भीती अख्ख्या दाण्याची हवी, घोटलेल्या गराची नाही. बाळाला मांडीवर ताठ बसवून, थोडं थोडं भरवावं.

दुसरं कारण पैशाचं. डाळ महाग, खाणारी तोंडं सहा, त्यामुळे वरणात पाणी वाढतंच. दहा बाय बाराच्या एका खोलीत एका आईनं यावर साधी तोड काढली. कुकर उघडल्या उघडल्या, पाणी आणि तिखट पडायच्या आधी, ती तळातली दोन पळ्या डाळ बाळाच्या वाटीत काढून झाकून ठेवते. मग उरलेल्याला फोडणी. खर्च एका रुपयानं वाढला नाही. अंगणवाडीतून मिळणारा आहारही 'पूरक' असतो, घरच्या वाटीवरचा. तो मिळाला म्हणून ही वाटी चुकवायची नाही.

निवळ टाकून द्यायची असंही नाही. जुलाब लागले तर ओआरएससोबत ती जरूर पाजावी, शरीरातलं पाणी भरून निघायला मदत होते. फक्त त्या दिवसांतही अंगावरचं दूध आणि घट्ट वाटी चालू ठेवायची, भूक कमी असली तर थोडी थोडी, जास्त वेळा.